मुलांचा वेळ जावा म्हणून

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. मे महिन्यात मी तीन मुलांना घेऊन पुण्याहून पंधरा दिवसांसाठी माहेरी गेले. माझा मुलगा सतरा वर्षांचा, बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघणारा. मुलगी पंधराची. तिसरी माझ्या दिरांची मुलगी, सोळा वर्षांची. तिच्या आईवडिलांना कुठंतरी जायचं होतं म्हणून तिला माझ्याबरोबर पाठवलं होतं. नवऱ्याला रजा नव्हती. तिघांपैकी एकालाही यायचं नव्हतं आणि गोंदियाच्या स्टेशनवर उतरल्यापासून त्यांनी ते लपवलंही नाही.

आमचं गाव कोहमाऱ्याच्या फाट्यापासून आत सात-आठ किलोमीटरवर. आईवडील दोघंही तोवर गेले होते. घरात एकटा धाकटा भाऊ, वय अडतीस. थोडी धानाची शेती आणि गावात पिठाची चक्की. त्याचं लग्न झालं नव्हतं, कारण तो बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. प किंवा म आला की त्याचे ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. मान एका बाजूला ओढली जायची, डोळे बंद व्हायचे, आणि समोरच्याला कळायचं नाही की थांबावं की तो शब्द आपणच म्हणून टाकावा. मी नेहमी म्हणून टाकायचे. मुलगी बघायला गेला की पहिला प्रश्न नावागावाचा असायचा आणि तिथंच सगळं आटपायचं. सहा-सात ठिकाणांहून नकार आल्यावर त्यानं जाणं सोडून दिलं.

मुलं येणार म्हणून त्यानं जमेल तेवढी तयारी केली होती. साकोलीहून जुना कूलर आणला होता. परसातल्या आंब्याला झोका बांधला होता, सतरा वर्षांच्या पोराला झोका. कोणाकडून तरी कॅरम मागून आणला होता, त्यात तीन सोंगट्या कमी होत्या, त्यांच्या जागी शर्टाची बटणं. वीज दिवसातून आठ-आठ तास जायची. कूलर बंद, टीव्ही बंद, चक्की बंद.

मी हरतऱ्हेचे प्रयत्न केले. नवेगावच्या तलावावर नेलं तर मुलगा म्हणाला, पाणीच आहे, पुढं काय? तेंदूपानांचा हंगाम होता. भावानं रानातून पानं आणून तिघांना पुडे बांधायला बसवलं. माझ्या मुलीनं दोन बांधले आणि बोटं काळी झाली म्हणून उठली. चारं, टेंभरं असली रानफळं आणून दिली. पुतणीनं एक चाटून ठेवून दिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिघं खाटेवर आडवी पडून कौलांकडे बघत होती. मुलगा म्हणाला, "आई, आम्ही काय गुन्हा केला होता ते तरी सांग."

त्या संध्याकाळी भावानं त्यांना अस्वलाची गोष्ट सांगायला घेतली. अस्वल चक्कीच्या मागं आलं होतं ती खरी घडलेली गोष्ट. "थे आलं," तो म्हणाला, "म-म-म-" आणि तिथंच अडकला. मोहाची फुलं खायला आलं, एवढंच म्हणायचं होतं. त्याची मान ओढली गेली. पुतणीनं उशीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते. भावाला वाटलं ती घाबरली. त्यानं गोष्ट सोडून दिली आणि म्हणाला, "भ-भेव नको, दूर गेलं थे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चक्कीवर गेल्यावर माझ्या मुलानं चहा पिता पिता मान वाकडी केली आणि "म-म-मामा" म्हणून दाखवलं. हुबेहूब. दोघी मुली पोट धरून हसल्या. मी म्हणाले, "असं करू नये." पण माझ्या तोंडावर हसू होतं आणि ते तिघांनी बघितलं.

त्यानंतर घरात मजा सुरू झाली.

पुतणीकडे एक जादा सिमकार्ड होतं. गोंदियात स्टेशनबाहेर कुणीतरी फुकट वाटत होतं, ते तिनं घेतलं होतं. भावानं त्याच वर्षी चक्कीच्या कामासाठी साधा मोबाइल घेतला होता. दुपारी वीज गेली की तो चक्कीच्या ओट्यावर एकटाच बसलेला असायचा. आमच्या घरामागं बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर उभं राहिलं की रेंज यायची. तिघं तिथं गेली आणि पुतणीनं त्याला फोन लावला. मी पाळीखाली कपडे वाळत घालत होते.

"हॅलो, कोण बोलतंय? मला तुमच्याशी मैत्री करायची आहे," ती पुण्याच्या शुद्ध मराठीत म्हणाली.

"र-राँग नंबर," भाऊ म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तिघांची तोंडं उतरली. मग माझ्या मुलीला काहीतरी सुचलं. ती पाळीवरून खाली आली. "आई, तू बोल ना. तुला येतं ना त्यांच्यासारखं बोलायला."

माझ्या भाषेबद्दल इथं सांगायला हवं. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात "मी भाजी चिरून राहिली" म्हणाले होते आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका हसल्या होत्या. त्या दिवसापासून मी ती बोली अंगावरून खरवडून काढली. भावाशीसुद्धा पुण्याचंच बोलायचे. एकोणीस वर्षांत त्यानं माझ्या तोंडून आमची भाषा ऐकली नव्हती. चुकून कधी 'काऊन' निघून गेलं की माझी मुलगी मैत्रिणींसमोर मान खाली घालायची. आणि आता तीच मुलगी, त्याच भाषेसाठी, माझा हात धरून विनवत होती.

मी ओले हात पुसले आणि फोन घेतला. आवाज थोडा वर चढवला, पदर फोनवर धरला.

"कोण जी? मावशी हाय का घरी?"

"क-कोण पाहिजे?"

"मी तिरोड्याकडून बोलून राहिली. माह्या मावशीचा नंबर हाय ना हा?"

"नाई जी. हे प-प-प-"

फोनचा स्पीकर चालू होता. मुलांनी तोंडावर हात दाबले. माझ्या मुलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मुलगी मात्र हसत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत मला कौतुक दिसलं. ती सातवीत गेल्यापासून ते मी पाहिलं नव्हतं. हे लांबावं म्हणून मी म्हणाले, "सांगा जी निवांत. मले काई घाई नाई."

पलीकडे त्यानं श्वास घेतलेला ऐकू आला. मग तो म्हणाला, "पिठाची चक्की." सरळ, एका दमात.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्या नंबरावर त्याचा मिस्ड कॉल आला. मुलांनी पाळीवर नाच केला.

मग रोज. जेवणं झाली, भाऊ चक्कीवर गेला, की आम्ही चौघं बोडीच्या पाळीवर. मुलांनी त्या बाईला एक नाव दिलं. ते मी इथं लिहीत नाही. तिचं वय चौतीस ठरवलं. नवऱ्यानं सोडलेली, तिरोड्याजवळ भावाच्या घरी राहून कपडे शिवणारी. पुतणी प्रश्न लिहून द्यायची, मुलगा खुणा करायचा, मुलगी पाणी आणून द्यायची. सकाळी उठल्यावर तिघांची पहिली गोष्ट असायची, आज काय बोलायचं. निकालाचं टेन्शन, वीज, उकाडा, कशाचीच कुरकूर उरली नाही. माझी मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपू लागली. मी आयुष्यात कधी एवढी आवडती झाले नव्हते, आणि मला ते सोडवत नव्हतं.

भाऊ तिला सगळं सांगायचा. बाबा गेले तेव्हा मुखाग्नीच्या वेळी भंतेजींच्या मागं म्हणायचं होतं आणि त्याच्या तोंडून शब्द निघेना, तेव्हा चुलतभावानं म्हटलं. हे मला माहीत नव्हतं. मी त्या वेळी तिथंच, बायकांत उभी होते. चक्कीवर बायका दळण ठेवून जातात कारण त्याच्याशी बोलायला त्यांना कसंतरी होतं. "लोकं माह्यासाठी बोलून टाकतेत," तो म्हणाला. "माही बाई बी. थे चांगली हाय. पन माह्यं बोलनं सरू देत नाई." आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. मुलगा माझ्याकडे बोट दाखवून आवाज न करता हसला. मीही हसले.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून तो त्या बाईशी जवळजवळ न अडखळता बोलू लागला. घरी आमच्याशी तसाच अडखळायचा, फोनवर मात्र वाक्यंच्या वाक्यं. मला ते कळत होतं. मुलांनाही कळलं.

"काकू, आता मजा नाही येत," पुतणी म्हणाली. "तो नीटच बोलतोय."

त्यांनी अवघड शब्द काढून दिले. मी विचारलं, "तुमच्या परसात कोणती झाडं हायेत जी?"

"पपई हाय दोन. मोसंबी लावली होती, मेली," तो म्हणाला. कुठंच अडला नाही. माझ्या मुलानं कपाळावर हात मारून घेतला.

मग भेटायला बोलावण्याची कल्पना निघाली. मी नको म्हणाले. मनापासून म्हणाले असं नाही, पण म्हणाले. मुलगा म्हणाला, "मग उद्यापासून काय करायचं? परत पानं बांधायची?" परतीच्या गाडीला अजून सहा दिवस होते. मी दुपारी फोन लावून वेळ ठरवली. शनिवारी दहा वाजता कोहमाऱ्याच्या बसस्टॉपवर, ती साकोलीला सूत आणायला जाणार, मध्ये उतरेल.

शुक्रवारी जेवताना भाऊ मला म्हणाला, "ब-बाई, बाईमाणसाले काय आवडते खायाले?"

"कोणाला?"

"असंच."

मुलांनी एकमेकांना कोपर मारले. मी म्हणाले, "पेढे आवडतात सगळ्यांना," आणि त्याच्या पानात भात वाढला.

शनिवारी सकाळी त्यानं सांगितलं की चक्कीचा पट्टा आणायला कोहमाऱ्याला जातो. आम्ही सांगितलं की आम्ही तलावावर जातो. त्यानं नवा शर्ट घातला होता, घड्या तशाच दिसत होत्या. माझ्या मुलानं अगदी गंभीर तोंडानं स्वतःचा डिओडरंट आणून मामाच्या दोन्ही काखांत मारला. "बास, ब-बास," तो लाजून म्हणाला. मामाभाच्यांत एवढी जवळीक त्या दिवसांत पहिल्यांदाच झाली, म्हणून तो फार खूश होता.

आम्ही त्याच्या आधी निघालो. बसस्टॉपसमोर, हायवेच्या पलीकडे एक ढाबा होता. पुढं बांबूचा तट्टा लावलेला, आतून रस्ता दिसायचा, रस्त्यावरून आत दिसायचं नाही. तिथं बसलो. मुलांनी पराठे मागवले.

तो साडेनऊलाच आला. सायकल कडेला लावली. हातात पेढ्यांचा पुडा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली. प्रत्येक बस आली की तो पुढं व्हायचा, उतरणाऱ्या बायकांकडे बघायचा, मग सभ्यपणे नजर खाली करायचा. दोन-तीन वेळा त्यानं ओठ हलवलेले मला दिसले. तो तिला काय म्हणायचं त्याचा सराव करत होता.

अकरा वाजले. बारा वाजले. स्टॉपची सावली पायाशी आली आणि मग नाहीशी झाली. तो उन्हात उभा. आत गेला असता तर बस दिसली नसती. मुलाच्या लक्षात आलं की तो बाटलीतलं पाणी पीत नाहीये. फक्त फडकं सुकलं की समोरच्या नळावर जाऊन ते ओलं करून परत गुंडाळायचा. नळाचं ओंजळभर पाणी स्वतः प्यायचा, बाटली तिच्यासाठी. मुलांनी पैज लावली, तो कधी पिईल. मुलगा म्हणाला एकला, मुलगी म्हणाली दीडला. दोघंही हरले.

दोनच्या सुमाराला पुतणी म्हणाली, "काकू, बास ना आता. त्यांना घरी जा म्हण."

ती परकी पोर. पहिल्यांदा तिच्या तोंडून ते निघालं, माझ्या नाही.

मी उठून रस्ता ओलांडू शकले असते. तीस-चाळीस पावलं होती. त्याचा हात धरून सावलीत आणता आलं असतं. पण मग सांगावं लागलं असतं. मी तिथंच बसून फोन लावला. तट्ट्यातून मला दिसत होतं, त्यानं फोन घाईघाईनं काढला, पेढ्यांचा पुडा काखेत दाबला.

"माह्या भावानं येऊ नाई देल्लं जी," मी म्हणाले. "तुमी कवापासून उभे हाव?"

"आत्ताच आलो," तो म्हणाला. "तू नको निघू उन्हाची. मी काई कुठं पळून नाई चाललो. पुढं भेटू."

एकदाही अडखळला नाही. त्यानं फोन खिशात ठेवला, थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला आणि सायकल घेऊन निघाला. चक्कीचा पट्टा आणायचं त्यानं सांगितलं होतं, तो आणायलाही विसरला.

संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तर त्यानं चहा टाकला होता. "तलाव प-पायला का?" त्यानं मुलांना विचारलं. मुलानं सांगितलं, हो, खूप पक्षी होते. भावानं पेढ्यांचा पुडा फोडून त्यांच्यापुढं ठेवला. उन्हानं पेढे एकमेकांना चिकटले होते. माझ्या मुलानं चार खाल्ले. पुतणीनं घेतला नाही, डोकं दुखतंय म्हणाली आणि आत जाऊन पडली. ती पुन्हा कधी आमच्याबरोबर आमच्या गावी आली नाही, आणि पुढं माझ्याशीही तुटकच वागली. मला तिचा राग यायचा.

जाताना पुतणीनं ते सिमकार्ड मला दिलं. "तू टाकून दे," ती म्हणाली. मी ते पर्समध्ये ठेवलं.

पुण्यात आल्यावर महिनाभर मी ते बंद ठेवलं. मुलं त्यांच्या क्लासेसना आणि मित्रांना लागली. मला कोणी काही विचारेना. जुलैत एका दुपारी मी ते जुन्या फोनमध्ये घातलं. त्याच्या मिस्ड कॉलचे एवढे मेसेज आले की यादी खाली सरकतच राहिली. मी लावला. म्हटलं, तोडून टाकायचं, आज एकदाच. त्यानं उचलला आणि म्हणाला, "बरी हायेस ना? मले वाटलं तुले मारलं भावानं." आणि मी तोडलं नाही. विचारलं, धानाची रोवणी झाली का?

मी स्वतःला सांगत असे की हे त्याच्यासाठी आहे, तो मोकळा बोलतो, त्याचं भलंच होतंय. ते खरं नव्हतं. घरात दुपारी माझ्याशी कोणी बोलत नसे, आणि माझ्या भावाइतकं आदरानं माझ्याशी आयुष्यात कोणी बोललं नव्हतं. फक्त तो माझ्याशी बोलत नव्हता. चार-पाच महिने हे चाललं. बहीण म्हणून रविवारी फोन केला की तो अडखळायचा आणि मी त्याचे शब्द पूर्ण करून टाकायचे. मधल्या दिवशी ती बाई म्हणून केला की तो वाहत जायचा.

दिवाळीनंतर एका रविवारी त्यानं सांगितलं की साकोलीकडच्या एका विधवा बाईचं स्थळ आलंय. मूलबाळ नाही, शाळेत खिचडी शिजवायला आहे. त्या बाईनं त्याला बघितलंय, तिची काही हरकत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच समोरून होकार आला होता.

"मग?" मी विचारलं.

"म-मी नाई म्हटलं."

"का?"

"श-शब्द देल्ला एकीले."

मी फोन ठेवला. त्या दिवशी तरी खरं सांगायला हवं होतं. मी दोन दिवस घेतले, धीर गोळा केला, आणि खरं न सांगता दुसऱ्या सिमवरून फोन केला.

"माह्यं जमलं जी," मी म्हणाले. "भावानं देल्लं जमवून. बालाघाटकडं."

त्यानं चक्की बंद केली. मग म्हणाला, "मानूस च-चांगला हाय का?"

"हाय."

"म-म-म-"

मी कानाशी फोन धरून उभी होते. त्याला काय म्हणायचं होतं मला अजून माहीत नाही. घाई नाही, निवांत सांगा, एवढंच म्हणायचं होतं मला. ते मी म्हणाले नाही. तो म वर अडकलेला असतानाच मी फोन कापला आणि कार्ड मोडून कचऱ्यात टाकलं.

चार दिवसांनी बहीण म्हणून फोन करून मी साकोलीच्या बाईचा विषय काढला. तिचं तोवर दुसरीकडं ठरलं होतं. त्यानंतर भावाचं बोलणं पूर्वीपेक्षा बिघडलं. आता फक्त प आणि म नाही, कुठलंही अक्षर चालायचं. चक्कीवर त्यानं पाटी लावून घेतली, भाव लिहिलेली, म्हणजे कोणी विचारायला नको.

सात वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न नागपुरात झालं. तिच्या सासरची माणसं भंडाऱ्याची, म्हणून हॉल नागपुरात घेतला. भाऊ आदल्या दिवशीच आला, तांदळाचं पोतं घेऊन. वंदना झाली, हार घातले, जेवणं सुरू झाली. मुलीच्या सासरची तरुण मंडळी माझ्या मुलाभोवती बसली होती. तो चोवीस-पंचवीसचा, चांगल्या नोकरीला, बोलण्यात पटाईत. कोणीतरी म्हणालं, तुमच्या लहानपणीचं काहीतरी सांगा. त्यानं ही गोष्ट सांगायला घेतली.

मी वाढपाच्या टेबलाशी होते. 'कोहमारा' एवढा शब्द कानावर आला आणि मी वळले. भाऊ त्यांच्याच मागच्या रांगेत, पाठमोरा, ताट हातात घेऊन जेवत होता. मुलाला तो दिसत नव्हता. मी तिकडं जाईपर्यंत गोष्ट संपत आली होती. "आणि आईचा आवाज," तो म्हणाला, "आई तर काय, बॉर्न अ‍ॅक्ट्रेस. मामा उन्हात पाच तास, हातात पेढे." त्यानं मान वाकडी केली, डोळे मिटले आणि "प-प-पेढे" करून दाखवलं. मोठा हशा झाला. नवरदेवही हसला. माझी मुलगी, अंगावर पांढरी साडी, तीही हसली.

भाऊ उठला. ताट त्यानं नीट टेबलाखालच्या टबात ठेवलं, हात धुतले, रुमालाला पुसले. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"थे तू होती?"

"हो."

"फ-फोनवर. दिवाळीलोक."

"हो. दिवाळीपर्यंत मीच. मुलांचा वेळ जावा म्हणून सुरू केलं होतं. मला सांगायचं होतं तुला, पण..."

तो माझ्याकडे बघत नव्हता. तो मनातल्या मनात काहीतरी जुळवत होता.

"म्हंजे थे नाईच होती," तो म्हणाला. "मले वाटे, बालाघाटले सुखात असन."

मी त्याच्या हाताला हात लावला. त्यानं तो झटकला नाही, नुसता काढून घेतला, जसं दळणाच्या डब्यावरून कोणाचा हात बाजूला करावा तसा. मुलीला आशीर्वाद देऊन, जावयाच्या हातात पाकीट देऊन तो बसस्टँडवर गेला. माझ्या मुलाला नंतर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, इतकी जुनी गोष्ट. मामा एवढं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं." तो वाईट मुलगा नाही. त्याला तसं वागायला मी शिकवलं.

मी फोन करायचे, तो उचलायचा. उचलायचा आणि बोलायचा नाही. पाठीमागं चक्कीचा आवाज यायचा. मी बोलत राहायचे, माफी मागायचे, तब्येत विचारायचे, मग माझे शब्द संपायचे आणि मीच ठेवायचे.

दोन वर्षांनी न कळवता गावी गेले. दुपार होती, वीज होती, चक्की चालू होती. त्यानं मला बघितलं, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला आणि परत दळायला लागला. भुवयांवर पीठ, केस पांढरे झालेले, पिठानं की वयानं ते कळत नव्हतं. मी ओट्यावर बसून राहिले. एक बाई गहू घेऊन आली. नवी सून असावी कुणाची, तिला मी माहीत नव्हते. तिनं माझ्या साडीकडे, पर्सकडे बघितलं आणि त्याला विचारलं, "कोण जी ह्या?"

त्यानं चक्कीत गहू ओतले, हात झाडले.

"प-प-प-"

त्या बाईला त्याच्या अडखळण्याची सवय झालेली असावी. ती डबा कडेवर घेऊन थांबली. शब्द माझ्या जिभेवर आला होता, मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"पुण्याची पाहुनी," तो म्हणाला.

संध्याकाळच्या गाडीनं मी कोहमाऱ्याला परत आले.